टोचनाचे पैसे

नालवाडी, वर्धा
१० नोव्हेंबर २००२

कोकिळाताईले मंदाचा नमस्कार.

फोनवर तुमाले आयकू येत नाई अन् मले फोनवर बोलणं सुचत नाई, म्हणून पत्रच बरं. दिवाळी चांगली झाली. मयुरीनं चकल्या केल्या, अर्ध्या फुटल्या. तुमचे भाऊ म्हणे, "फुटल्या तं का झालं, तोंडात गेल्यावर साऱ्या फुटतेच." लेकीच्या कौतुकात ह्यायले काई दिसत नाई.

पत्र लिवाचं कारण असं. वर्ध्याच्या बाजारात लोकं आता गाड्या कुठंबी लावून राह्यले. पायी चालाले जागा नाई. तं पालिकेनं ठरवलं का आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या उचलून नेयाचं कंत्राट द्याचं. टोइंग म्हणते त्याले. ह्यायनं फारम आणला. सारा इंग्रजीत हाये. कचेरीसमोर बसणारा एक जण भरून देतो म्हणे, पण हे आयकत नाई. "घरची कोकी असताना परक्याच्या इंग्रजीचं का करू?" म्हणते.

गॅरेजचं तुमच्यापाशी काय लपवू. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जाते, जुन्या राह्यल्या नाई. जीपवरची क्रेन महिन्यातून एखादवेळा हालते. मागं एक माणूस क्रेन विकत मागाले आलता. ह्यायनं त्याले चा पाजून वापस केला, पण तो गेल्यावर क्रेनीवर हात ठेवून उभेच राह्यले. हे काम भेटलं तं गॅरेज राहीन. नाई भेटलं तं उन्हाळ्याच्या आत कुलूप लावा लागन.

फारमात अनुभव लिवा लागते. तीस वर्षांचा हाये. बंद पडलेली गाडी दोरीनं ओढून आणली तं हे टोचनाचे पैसे घेत नाई, तुमाले माहीतच हाये. दुरुस्तीचे घेते, टोचनाचे नाई. मामंजीपासून तसंच चालत आलं. पण अपघाताचे मोठे ट्रक उचलले होते, त्याची तीन बिलं सापडली. त्याचे पैसे कंपनीनं देल्ले होते. बिलायले ग्रीस लागलं हाये, तरी पाठवते. लागली तं लावजा.

ताराचंदभाऊही फारम भरून राह्यले. टायरच्या दुकानासंग त्यायनं आता एक उचलायची गाडीही घेतली. दोघं संगच गेलते फारम आणाले.

तुमची,
मंदा

जबलपूर
१९ नोव्हेंबर २००२

प्रिय मंदावहिनी,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि फॉर्म मिळाला. चार दिवस टेबलावर दुसरं काही ठेवलं नाही. शाळेतली नोकरी सोडून तीन वर्षं झाली, त्यानंतर इतक्या मनापासून इंग्रजी लिहिण्याची वेळच आली नव्हती. रजत म्हणाला, "आई, टेंडर भरते आहेस की कविता करते आहेस?" त्या मुलाला सगळ्याची थट्टा.

दादाचा अनुभव लिहायला बसले आणि एक दिवस आठवला. मी आठवीत होते. नाताळच्या सुट्टीत नागपूरहून होस्टेलमधून घरी आले होते. पवनारच्या पुलाजवळ एका वऱ्हाडाची मोटार बंद पडली होती. बाबा निघाले तशी मीही हट्टानं जीपमध्ये चढले. दादा तेव्हा सोळा वर्षांचा असेल, खांद्यावर दोराचं वेटोळं. मोटार गॅरेजपर्यंत ओढून आणल्यावर नवरीच्या वडिलांनी खिशात हात घातला. बाबांनी तो हात वरच्या वर धरला. "टोचनाचे नाई घेत आम्ही. पोरीले वेळेवर पोचवा." दादा माझ्याकडे बघून हसला. त्याच्या दातांवरसुद्धा काळं लागलेलं होतं. सुट्टीनंतर 'माझी सुट्टी' हा निबंध मी त्याच प्रसंगावर लिहिला आणि सिस्टरनी तो वर्गात वाचून दाखवला. कॉन्व्हेंटच्या आठ वर्षांत तेवढा एकच.

या अर्जातही मी तेच लिहिलं. इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत असं होईल: "अर्जदाराने गेल्या तीस वर्षांत, रस्त्यात अडकलेले वाहन ओढून आणण्याचा एक रुपयाही कधी घेतलेला नाही." सगळ्या अर्जात हेच वाक्य उभं राहतं, असं मला वाटतं. बाकीचे सगळे आपापल्या गाड्यांची संख्या लिहितील. माणूस कसा आहे हे कोण लिहिणार?

ती बिलं मी लावली नाहीत. डागाळलेली आहेतच, आणि या वाक्याशेजारी ती शोभली नसती. दादाची सही जिथे हवी तिथे पेन्सिलीनं खूण केली आहे.

मयुरीला गोड पापा. चकल्या फुटल्या म्हणजे मोहन जास्त झालं, तिला सांगा.

तुमची,
कोकिळा

नालवाडी
२४ जानेवारी २००३

कोकिळाताईले मंदाचा नमस्कार.

कंत्राटाचा निकाल लागला. ते ताराचंदभाऊले भेटलं. पाच जणायनं फारम भरले होते.

तुमचा अर्ज सभेत मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे. सारे आयकत होते. हे सांगा म्हणाले तुमाले, का कोकीचा अर्ज साऱ्यायनं आयकला.

तुमी मनाले लावून घेऊ नका. ह्यायची तब्येत बरी हाये. मयुरीचं बहुतेक जमते, सेलूचं स्थळ हाये. मुलगा कापसाच्या जिनिंगवर नोकरीले हाये. आंगानं बारीक हाये पण घरचे चांगले वाटले. तुळशीच्या बिया पाठवते.

मंदा

जबलपूर
४ फेब्रुवारी २००३

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र हातात घेऊन मी काल सकाळभर बसून होते.

अर्ज सभेत मोठ्यानं वाचला, सगळ्यांनी ऐकला, आणि काम मिळालं टायर विकणाऱ्याला! वहिनी, तुम्ही भोळ्या आहात. दादा त्याहून भोळा. सभेत वाचून दाखवण्यासारखा अर्ज बाजूला पडतो तेव्हा तो आपोआप पडत नाही. ताराचंद आपल्या ओट्यावर वाढला हे मी विसरलेले नाही. माझ्या फ्रॉकच्या खिशातल्या चिंचा त्यानंच किती वेळा पळवल्या असतील. पण व्यापाऱ्याचं घर आहे त्याचं. कुठे कोणाला काय द्यायचं ते त्यांना ठाऊक असतं. दादाला क्रेन दुरुस्त करता येते, माणसं नाही.

दादानं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, माझ्याकडूनही नाही. आयुष्यात एकदा एक अर्ज मागितला. तो असा वाया जाऊ देणार नाही मी. काल रात्रीच जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना इंग्रजीत तीन पानी पत्र लिहिलं. चौकशी करा, असं स्पष्ट लिहिलं आहे. खाली माझं नाव आणि पत्ता घातला, म्हणजे दादाला त्रास नको. आज सकाळी रजिस्टर्ड पोस्टानं टाकूनही आले.

दादाला सांगा, काळजी करू नकोस. कोकी आहे.

तुमची,
कोकिळा

नालवाडी
९ फेब्रुवारी २००३

कोकिळाताईले नमस्कार.

ताई, असं काऊन केलं तुमी? एका शब्दानं विचारलं असतं.

ताराचंदभाऊ तसे नाईत. काई गोष्टी पत्रात लिवता येत नाई, हे म्हणते का अशा गोष्टी कागदावर आणाच्या नसते. पण तुमी माह्या शब्दावर भरोसा ठेवा. ते पत्र वापस घेता येत असन तं घ्या. पोस्टात सांगून पाहा, नाई तं साहेबाले दुसरं पत्र लिवा का चूक झाली. हात जोडते तुमाले.

ह्यायले मी अजून सांगतलं नाई.

मंदा

जबलपूर
१७ फेब्रुवारी २००३

प्रिय वहिनी,

तुमची भीती मला कळते. लहान गावात राहायचं, रोज त्याच माणसांची तोंडं बघायची, म्हणून आपण गप्प बसतो. आणि 'कागदावर आणायच्या नसतात' अशा गोष्टी ताराचंदनं केल्या, हे तर तुम्हीच मान्य केलंत. मला तेवढं पुरे.

पत्र परत घेणार नाही. अन्याय बघून खोटं हसायचं नाही, एवढं मला सिस्टरांनी शिकवलं. तुम्ही निश्चिंत राहा. दादाला सांगा किंवा सांगू नका, तुमची मर्जी.

मयुरीची तारीख कळवा. लाल काठाची माझी टसर तिच्यासाठी काढून ठेवली आहे.

कोकिळा

नालवाडी
१३ मे २००३

कोकिळाताईले मंदाचा नमस्कार.

तुमचा पाय प्लास्टरात हाये म्हणून तुमी लग्नाले येऊ नाई शकल्या, याचं मयुरीले भल्लं वाईट वाटलं. टसर नेसून पाठवणीले उभी राह्यली. सारे विचारत होते, हे लुगडं कोणाचं. मी सांगतलं, आत्याबाईचं.

लग्न बरं झालं. ऊन भल्लं होतं. वरण थोडं कमी पडलं, मंग शेजारच्या पंचफुलाबाईनं आपल्या घरून पितळी गंज भरून आणलं. मले भाऊ नाई म्हणून मयुरीच्या मागं मामा म्हणून ताराचंदभाऊ उभे राहणार होते. तिच्या बारशापासून ठरलं होतं ते. आले नाईत. दुकानात काम होतं. रोहण्याचा माहा चुलतभाऊ हरिदास उभा राह्यला.

साहेबानं मार्चमध्ये चौकशीले बोलावलं होतं. हे अन् ताराचंदभाऊ दोघंही गेलते. काई निघालं नाई. झालं ते झालं.

गॅरेजमध्ये काम कमी हाये. हे सकाळी जाते, दुपारी घरी येते. पह्यले दुपारचा डबा तिकडंच जात होता.

पायाले जपा.
मंदा

जबलपूर
११ जुलै २००३

प्रिय वहिनी,

आज टपालानं साहेबांच्या कार्यालयाचं उत्तर आलं. तक्रारीत तथ्य नाही, असं आहे. सोबत कंत्राट समितीच्या निर्णयाची प्रत जोडली आहे. पाचही अर्जांपुढे शेरे आहेत. दादाच्या नावापुढे असं लिहिलं आहे: "अट क्रमांक सहा, टोइंगच्या सशुल्क कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. अर्जदार स्वतःच नमूद करतात की त्यांनी या कामाचे पैसे कधीही घेतलेले नाहीत. कामाची बिले जोडलेली नाहीत. अपात्र."

त्याखाली माझं वाक्य उतरवून घेतलं आहे. इंग्रजीत, जसंच्या तसं. स्वल्पविरामही माझाच.

मी ते किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. तुम्ही पाठवलेली ती तीन बिलं माझ्या टेबलाच्या खणात अजून आहेत. मी ती काढून बघितली. बावीस फेब्रुवारी शहाण्णव, चौदा जून सत्त्याण्णव, तीस नोव्हेंबर नव्व्याण्णव. तीन वर्षांचा अनुभव. मागत होते तेवढाच.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटते. ती सहा नंबरची अट मी तेव्हाच वाचली होती. वाचली आणि मनात म्हणाले, इतका मोठा माणूस समोर दिसल्यावर अट कोण बघतो? चाळीस मुलींच्या निबंधांना मार्क देत आयुष्य गेलं माझं. मला वाटलं, हाही निबंधच आहे.

वहिनी, तुम्हाला हे ठाऊक होतं का? दादाला ठाऊक होतं का? 'सगळ्यांनी ऐकलं' असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा सभेत काय झालं होतं? आता काही लपवू नका. खरं काय ते सगळं लिहा.

कोकिळा

नालवाडी
२५ जुलै २००३

कोकिळाताईले मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी ह्यायले वाचून दाखवलं नाई. आज हे सेलूले मयुरीकडे गेले हाये, म्हणून लिवून राह्यली.

ठाऊक होतं, ताई. पह्यल्या दिवसापासून. हे सभेले गेलते, बाकावर बसले होते. पालिकेच्या साहेबानं तुमचं वाक्य वाचलं, मंग मराठीत करून सांगतलं, अन् समितीतला एक जण म्हणे, "हे तं साधू हाये, यायले कंत्राट कायले पाह्यजे?" सारे हसले. हे पण हसले म्हणे. घरी आले अन् मले म्हणे, "कोकीले कळू देऊ नको. तिले लिव का साऱ्यायनं आयकलं." मी म्हटलं, काऊन? तं म्हणे, "तिचं इंग्रजी वाईट नोहोतं. भल्लं चांगलं होतं. मलेच आयकून वाटलं का हा कोण माणूस होय."

तुमाले वाटते ह्यायले शाळा आवडत नव्हती. तुमी एकदा बोलल्याही होत्या हसत, का दादा पुस्तक पाहून पळे. तसं नाई. मामंजीजवळ एकाच लेकराच्या फीची सोय होती. मास्तर घरी येऊन सांगून गेलते का पोरगं हुशार हाये, याले पुढं शिकवा. ह्यायनंच म्हटलं, कोकीले धाडा, मी गॅरेजमध्ये बसतो. मामंजीनं मरणाच्या आधी मले सांगतलं. ह्यायनं कधीच नाई. म्हणून ताई, तुमच्या इंग्रजीनं आमचं काम गेलं असं ह्यायले म्हणता येत नाई. म्हटलं तं मंग सारंच गेल्यासारखं होते.

आता दुसरी गोष्ट. ती कागदावर आणू नको म्हणाले होते, पण आता का राह्यलं. फारम आणाले दोघं संग गेले तवाच ह्यायचं अन् ताराचंदभाऊचं ठरलं होतं, का ज्याले कंत्राट भेटन त्यानं दुसऱ्याले संग घ्याचं. असं ठरवणं नियमात बसत नाई म्हणे, म्हणून कोणाले सांगतलं नाई. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी ताराचंदभाऊ पेढे घेऊन आले. "मंदावहिनी, नाव माह्यं, क्रेन महादेवची. मले त्या लिव्हराचं काई समजते का? एखाद्याची गाडी उचलाले जाईन अन् दुकानाचं शटर उचलून आणीन." असे हसले दोघं! मार्चपासून काम सुरू होणार होतं.

मंग तुमची तक्रार. जिल्ह्याच्या साहेबानं दोघायले समोर उभं केलं. ह्यायले विचारलं, "पैसे घेत नाही हे तुम्हीच लिहून दिलं ना? मग आता तक्रार कसली? बहिणीने स्वतःहून केली का?" ताराचंदभाऊ बाजूलेच होते. हे म्हणे, "नाई साहेब. मीच सांगतलं तिले लिवाले."

बाहेर आल्यावर ताराचंदभाऊनं इतकंच विचारलं, "खरंच तू सांगतलं?" हे म्हणे, "हो." "काऊन?" हे जीपकडे चालाले लागले.

तवापासून बोलणं बंद हाये. क्रेन चालवाले त्यायनं नागपूरचा माणूस ठेवला.

तुमाले दुखवाले नाई लिवलं. तुमी विचारलं म्हणून लिवलं.

मंदा

जबलपूर
४ ऑगस्ट २००३

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र वाचल्यापासून मला दादाचं सोळाव्या वर्षाचं तोंड नीट आठवेनासं झालं आहे. ज्या दादाला मी ओळखत होते तो मीच रचलेला निघाला. हसरा, शाळेचा कंटाळा असलेला, स्पॅनर हातात घेऊन जन्मलेला. होस्टेलला निघताना बसच्या खिडकीशी तो माझी पुस्तकं चाळत उभा असे. मला वाटे, बस सुटेपर्यंतचा चाळा आहे.

आज मी ताराचंदला पत्र लिहिलं. मराठीत. दोन वेळा फाडून तिसऱ्यांदा लिहिलं. सगळं सांगितलं आहे: तक्रार माझी एकटीची, दादाला ठाऊकसुद्धा नव्हतं, त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं. क्षमा मागितली आहे. मला वाटतं, खरं कळल्यावर तो दादाकडे येईल. लहानपणी रागावला की दोन दिवसांवर टिकत नसे त्याचा राग.

प्लास्टर निघालं आहे. पाऊस ओसरला की मी येते. दादाच्या पायाशी बसायचं आहे.

तुमची,
कोकिळा

नालवाडी
१२ ऑक्टोबर २००३

कोकिळाताईले मंदाचा नमस्कार.

पत्राले उशीर झाला. लिवावं का नाई, हेच समजत नव्हतं.

तुमचं पत्र ताराचंदभाऊले भेटलं. ते वाचून एक दिवस गॅरेजमध्ये आले होते. मी चा घेऊन गेलती, तवा तिथंच होती. बसा म्हटलं तं बसले नाईत. ह्यायले म्हणे, "बहिणीपायी साहेबासमोर खोटं बोलला, ते मले समजते. मीही बोललो असतो. पण बाहेर आल्यावर? झाडाखाली आपण दोघंच होतो. तवा कोणापासून लपवत होता, महादेव? मले खरं सांगाले तुले बहिणीचं पत्र याची वाट पाहा लागली?"

ह्यायनं हातातला पाना खाली ठेवला. ताराचंदभाऊ म्हणे, "पाच महिने मी सोताले विचारत राह्यलो, का महादेवचं मी का वाईट केलं. मयुरीच्या लग्नाच्या दिवशी दुकानाचं शटर आतून लावून बसलो होतो." अन् गेले.

ताई, तुमी खरं लिवलं त्यात तुमची चूक नाई. पण राग होता तवा आस होती. मले वाटे का एखाद दिवशी उतरन. आता राग राह्यला नाई.

मंग मागच्या गुरुवारी आम्ही दोघं सेलूवरून मयुरीले भेटून जीपनं वापस येत होतो. पवनारच्या पुलाच्या अलीकडे कंत्राटाची ती उचलायची गाडी बंद पडून होती. ताराचंदभाऊ एकटेच उन्हात उभे. त्यायचा माणूस मेकॅनिक आणाले गेलता. ह्यायनं जीप थांबवली. ह्यायनं दोर काढला, हुकले गाठ मारली. ताराचंदभाऊ मुकाट्यानं आपल्या गाडीत स्टेअरिंगवर बसले.

तुमी लहानपणी पाह्यलं असन, टोचनात मागच्या माणसाचंच खरं काम असते. पुढच्यानं जरा वेग कमी केला का मागच्यानं त्याच टायमाले ब्रेक दाबला पाह्यजे, नाई तं दोर ढिला पडते अन् झटका बसून तुटते. पुढच्याच्या मनातलं मागच्याले समजा लागते. नालवाडीपर्यंत एकही झटका बसला नाई. मी मागं वळून पाहत होती. चौकातही दोर ढिला पडला नाई. मले वाटलं, आता उतरतीन अन् बोलतीन.

ताराचंदभाऊ उतरले. खिशातून पाकीट काढलं अन् विचारलं, "किती झाले?"

हे म्हणे, "तारा, टोचनाचे?"

"हो. टोचनाचे. कंत्राटात रेट लेखी हाये, मले पाठ हाये." अन् नोटा बोनेटवर ठेवल्या. "पावती दे. मले कचेरीत लावा लागते."

ह्यायजवळ टोचनाचं पावतीबुक कधी नव्हतंच. दुरुस्तीच्या बिलबुकावर लिवलं. तुमच्यासारखे अक्षर नाईत ह्यायचे, पण त्या दिवशी भल्ले सावकाश काढले. ताराचंदभाऊनं कागद घडी करून खिशात ठेवला अन् पायी पायीच गेले.

मी म्हटलं, "काऊन घेतले पैसे? वापस द्याचे होते." तं हे म्हणे, "नसते घेतले तं त्याच्या अंगावर उपकार राह्यला असता. त्याले तो नको होता." मंग हात धुताना म्हणे, "आता त्याचं अन् माह्यं काई देणंघेणं राह्यलं नाई."

क्रेन विकाची बोलणी चालू हाये. ते झालं तं झालं. तुमी या, ताई. ह्यायचा तुमच्यावर राग नाई, कधीच नव्हता. काल म्हणत होते, कोकी आली का तिले पाटोडी खाऊ घालजो. फक्त ताराचंदभाऊकडे जाऊ नका अन् इथं त्या गोष्टी काढू नका.

एक तुमालेच सांगते. परवा कोणाचा तरी फोन आला, का देवळीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, टोचन करून आणता का. हे आंगात सदरा घालत होते, घालता घालता थांबले. फोनवर विचारलं, "कोणाची हाये?"

ताई, पंचवीस वर्षं झाली लग्नाले. असं विचारताना मी ह्यायले पह्यल्यांदाच आयकलं.

मंदा